पाचावरचा ठिपका

टीव्हीच्या दुकानात शिरल्याबरोबर समुद्र दिसतो. भिंतभर मांडलेल्या सगळ्या संचांवर एकाच वेळी तेच प्रवाळ, तोच निळा मासा. मग तेच संत्रं सोललं जातं आणि त्याच्या रसाचा तोच थेंब तीस-चाळीस ठिकाणी एकदम ओघळतो. संच विकायचा म्हणजे त्याच्यावर जे उत्तम दिसतं तेच लावणार, यात दुकानदाराचं काही चुकत नाही. पण म्हाताऱ्या आईवडलांसाठी टीव्ही घ्यायला आलेल्यांची पंचाईत अशी, की ज्यांच्यासाठी संच घ्यायचा त्यांना समुद्राच्या तळाशी जायचंच नसतं. सातारला राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईला संध्याकाळच्या बातम्या, त्यानंतरच्या दोन मालिका आणि सकाळी एखादं कीर्तन एवढं पुरतं. संत्री तिनं आयुष्यभर सोलली आहेत.

तिच्या जुन्या संचाच्या पडद्यावर उभी हिरवी रेघ आली होती. साधा एलईडी संच, ॲपबिप काही नाही. रेघ येऊनही तिनं तो बरेच दिवस चालवला. "मधोमध नाहीये ना, कडेला आहे. तिकडं कुणी उभं राहत नाही," असं तिचं म्हणणं. पुढं रेघेनं जागा बदलली आणि मालिकेतली सासू दोन भागांत दिसू लागली, तेव्हा कुठं ती नव्या टीव्हीला तयार झाली. अट एकच घातली: "आत्ता आहे तसाच आण."

आत्ता आहे तसा टीव्ही बाजारात मिळणं किती अवघड आहे याची कल्पना तिला नव्हती. "वापरायला सोपा दाखवा" म्हटलं की विक्रेता म्हणतो, "सर, आता सगळे सोपेच येतात." आणि लगेच सोपेपणाची यादी सुरू करतो. अमुक इतकी ॲप, तमुक जीबी, मोबाइल जोडता येतो, गेम खेळता येतात, बोललेलं कळतं. यादी जसजशी लांबते तसतसा ऐकणाऱ्या म्हातारीचा चेहरा परक्या लग्नात आल्यासारखा होत जातो, तिकडं त्याचं लक्ष नसतं.

आईलाच बरोबर नेलं होतं, म्हणून विक्रेत्यानं रिमोट तिच्या हातात दिला. "आजी, हे बटण दाबून नुसतं बोलायचं. काय पाहिजे ते सांगा." आईनं रिमोट तोंडाजवळ धरला, घसा साफ केला आणि शाळेत प्रार्थना सांगावी तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "सह्याद्री लाव." टीव्हीनं क्षणभर विचार केला आणि सह्याद्री लावला. हेल्मेटला कॅमेरा बांधलेला एक मुलगा धापा टाकत हरिश्चंद्रगड चढत होता. आईनं तो थोडा वेळ मन लावून पाहिला. "छान आहे," म्हणाली, "पण बातम्या कुठंयत?"

विक्रेता हसला, मीही हसलो, पण तिचा प्रश्न बिनतोड होता. टीव्हीला बोललेलं कळतं खरं, पण त्याची सगळी समज इंटरनेटपुरती असते. केबलचा सेट टॉप बॉक्स हा त्याचा पोटभाडेकरू. दार एक, चूल वेगळी. तारेतून चित्र आणि आवाज तेवढे टीव्हीकडं येतात. बॉक्समध्ये कोणतं चॅनेल लावायचं ते बॉक्स ठरवतो आणि बॉक्स फक्त स्वतःच्या रिमोटचं ऐकतो. एचडीएमआयच्या तारेतून दोघांनी एकमेकांना निरोप द्यायची सोय आहे, नाही असं नाही. सॅमसंग तिला 'एनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिंपलिंक', सोनी 'ब्राव्हिया सिंक'. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना ती भाषा यावी लागते आणि आपल्याकडच्या केबलच्या साध्या बॉक्सांना ती बहुधा येत नाही. म्हणजे भारीतला भारी टीव्ही आणला तरी बातम्या लावायला हातात केबलचाच रिमोट घ्यावा लागणार. ही गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, कारण दुकानात केबल नसते. तिथं समुद्र असतो.

कोल्हापूरच्या मावशीकडं हा सगळा प्रयोग आधीच होऊन गेला होता. तिच्या मुलानं बंगळूरहून पंचावन्न इंची संच पाठवला, भिंतीला लावून देणारा माणूसही पाठवला. तेव्हापासून मायलेकांचं फोनवरचं बोलणं बदललं.

"आता काय दिसतंय?"

"काळं."

"काळं म्हणजे बंद काळं की चालू काळं?"

"मला काय ठाऊक? काळ्यात काय बघायचं?"

"कोपऱ्यात काही लिहिलंय का?"

"थांब, चष्मा आणते."

घोटाळा बहुतेक वेळा एवढाच असतो, की अंगठा चुकून 'होम' या बटणावर पडलेला असतो. ते दाबलं की केबल नाहीशी होते आणि न मागितलेल्या सिनेमांची चित्रं ओळीनं उभी राहतात. मावशीच्या शब्दांत, "बातम्या गेल्या आणि कुणाच्या तरी बंदुका आल्या." परत केबलवर यायचं तर सोर्स, मग बाणानं एचडीएमआय एक, मग ओके. आपल्याला हे दोन सेकंदांचं काम वाटतं. मावशी अशा वेळी टीव्ही सरळ बंद करून जपाला बसते.

इथं लोक चटकन म्हणतात, वयानं त्यांना नवं काही जमत नाही. मला हे पटत नाही. हीच मावशी मोबाइलवर व्हॉट्सॲप चालवते, यूट्यूबवर कीर्तनं शोधते, सकाळी सातला फुलांचं चित्र आणि सुप्रभात न चुकता पाठवते. मग टीव्हीशीच वाकडं का? मोबाइलवर जे दिसतं त्यालाच बोट लावायचं असतं. टीव्हीवर दिसतं एकीकडं, दाबायचं दुसरीकडं. हातातल्या रिमोटवर बाण दाबायचा, तिकडं भिंतीवर कुठला चौकोन उजळला ते बघायचं, पुन्हा हाताकडं बघून पुढचा बाण शोधायचा. दुहेरी भिंगाचा चष्मा लावणाऱ्या माणसाला प्रत्येक बाणामागं जवळच्या भिंगातून लांबच्या भिंगात आणि परत अशी ये-जा करावी लागते. त्यात एखादा बाण जास्त दाबला गेला की चौकोन पुढं निघून जातो. पंचवीस वर्षांच्या मुलांनी, पंचवीस वर्षांच्या डोळ्यांसाठी केलेली ही रचना आहे.

आकड्यांचं तसं नसतं. केबलच्या रिमोटवरचे आकडे माझी आई बघतसुद्धा नाही. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, एक ठिपका. पुष्कळांच्या तो लक्षातही येत नाही. अंगठा त्या ठिपक्यावर ठेवला की बाकीचे आठ आकडे आजूबाजूला कुठं बसलेत ते न बघता कळतं. अंधारात, चष्म्याशिवाय, एका हातानं वाटाणे सोलत आई तीन आकडे दाबते आणि बातम्या लागतात. चॅनेलांची नावं तिला विचाराल तर अडखळेल, पण आकडे विचाराल तर कालनिर्णयमधली एकादशी सांगावी तसे सांगेल. केबल कंपनीनं मध्ये एकदा सगळ्या चॅनेलांचे आकडे बदलले होते, तेव्हा मात्र घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. नवे आकडे जाड स्केचपेननं पुठ्ठ्यावर लिहून शोकेसच्या काचेवर डकवले गेले. ते पाठ झाल्यावरही पुठ्ठा तिथंच आहे. न जाणो, परत बदलले तर.

आणि नव्या स्मार्ट टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बघा. आकडेच नाहीत! मधे एक गोल, वर माइक, आणि खाली सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांच्या नावांची चार रंगीत बटणं. त्या कंपन्यांनी जागेचे पैसे मोजलेले असतात, आकड्यांच्या वतीनं कुणी मोजलेले नसतात. बरीच वर्षं वापरून अंगठ्यात मुरलेली एक भाषा अशी चार जाहिरातींसाठी पुसली गेली आणि ह्याला सुटसुटीत म्हणायचं. सुटसुटीतच करायचं होतं तर रॉबर्ट ॲडलरनं १९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीसाठी केलेला बिनतारी रिमोट होता की. चार बटणं: चालू-बंद, चॅनेल पुढं, चॅनेल मागं, आवाज बंद. आतमध्ये ॲल्युमिनियमच्या दांड्या आणि त्यांच्यावर आपटणाऱ्या बारक्या हातोड्या. त्या दांड्यांतून माणसाला ऐकू न येणारा नाद निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. त्याला सेलसुद्धा लागत नसत. आमच्याकडं सेल संपत आले की आधी रिमोट तळहातावर आपटायचा, मग मागचं झाकण उघडून सेल जागच्या जागी फिरवायचे, मग अदलाबदल करायचे, आणि नवे आणायचा विचार चौथ्या दिवशी करायचा, हा घरचा शिरस्ता. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड, हेही आलंच.

आईच्या पिढीनं टीव्ही शिकला तो फार हळूहळू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. आमच्या गल्लीत पहिला संच त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला, लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं असलेला. चॅनेल बदलायचा खटका बारा घरांचा, त्यातलं एकच घर चालू. निवड करायची पाळीच येत नसे. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती अशी आख्खी गल्ली 'आमची माती आमची माणसं'मध्ये उसावर पडणाऱ्या रोगांची माहिती श्वास रोखून ऐकायची. मग नव्वदीत छपरांवरून तारा आल्या. १९९२च्या ऑक्टोबरात झी आलं, १९९९ साली अल्फा मराठी, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. दर खेपेला एखाद-दुसरं चॅनेल वाढायचं आणि त्याला अंगठ्यात जागा मिळायची. सहजासहजी मिळालेली नाही ती. म्हणून संच बदलला तरी ही जागा हलवू नये असं मला वाटतं.

निवडीचं ओझं आईवर याआधीही एकदा पडलं होतं. १ फेब्रुवारी २०१९पासून दूरसंचार नियामक 'ट्राय'चा नवा नियम आला: शंभर चॅनेलांपर्यंत महिना १३० रुपये आणि वर कर, शिवाय पैसे द्यायची चॅनेलं ज्याची त्यानं निवडायची. हेतू चांगला होता. बघत नाही त्याचे पैसे का भरावेत? गावोगाव लोक याद्या घेऊन बसले. आईकडं चॅनेलांची नावं आणि किमती छापलेला कागद आला, तो तिनं वाणसामानाच्या यादीसारखा दोन दिवस वाचला आणि केबलवाला आल्यावर त्याच्या हातात परत दिला. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला काय लागतंय ते मला म्हाईतंय." त्यानं दारात उभ्या उभ्या खुणा केल्या. त्यात एक क्रिकेटचं चॅनेलही घातलं. आईनं विचारलं, हे कशाला? "दिवाळीत नातू येतोय न्हवं?" हा माणूस मागची वीस वर्षं दर महिन्याला दारात येतोय, त्यानं घरातल्या माणसांच्या सवयी पाठ केल्या आहेत, आणि त्याच्याकडची ही माहिती कुठल्याही ॲपपेक्षा खरी आहे.

म्हणून मुलं जेव्हा म्हणतात, केबल काढून टाका, सगळं ॲपवर मिळतं, तेव्हा मी विरोधी बाकावर बसतो. मिळतं, खरंय. मालिका ॲपवर केव्हाही बघता येते. पण 'केव्हाही' ही वेळ आईच्या दिवसात नाही. तिच्या दिवसात साडेसात आहेत, आठ आहेत. आठच्या मालिकेआधी कुकर उतरलेला असतो आणि मालिकेनंतर जेवण असतं. मधल्या जाहिरातींचा आपल्याला राग येतो. तिला त्यांचं महत्त्व ठाऊक आहे. पहिल्या जाहिरातीत आमटी ढवळायची, दुसरीत गुडघे सरळ करून बाथरूमला जाऊन यायचं, तिसरीत शेजारच्या काकूंना फोन करून "बघितलंस का, कशी बोलली ती!" म्हणायचं. शेजारच्या काकूही तेच, त्याच क्षणी बघत असतात म्हणून तर हा फोन होतो. सलग, बिनजाहिरातीचं, एकटीनं बघायचं सुख तिला नको आहे. आमटी लागेल.

शिवाय ॲपवाल्याला घरी बोलावता येत नाही. केबलवाल्याला फोन केला की तो किंवा त्याचा पोऱ्या संध्याकाळपर्यंत येतो, वायर हलवतो, म्यूट झालेला आवाज परत आणतो, चहा घेतो. नव्वद टक्के वेळा बिघाड नसतोच. त्यालाही ते माहीत असतं, तरी तो येतो.

आता प्रत्यक्ष संचाचं. आकार काय घ्यावा यावर आमच्याकडं बरीच चर्चा झाली आणि निकाल एका सुतारानं दिला, जो तीस वर्षांपूर्वी शोकेस करून गेला होता. जुन्या डब्या टीव्हीच्या मापानं त्यानं ठेवलेला खण आजच्या बत्तीस इंची संचाला जेमतेम पुरतो, त्रेचाळीस इंचीचा विषयच नाही. मुलांना हे मागासलेपण वाटलं. मला मात्र सुतार बरोबर वाटला. आईच्या पॅकमधली बहुतेक चॅनेलं साध्या प्रतीची आहेत, एचडी नव्हेत. त्यांच्या चित्रात ठिपके मोजायचे तर आडवे सातशेवीस आणि उभे पाचशे शहात्तर. फोर-के पडद्यावर ठिपके असतात आडवे ३८४० आणि उभे २१६०. एवढ्याशा चित्राला एवढ्या मोठ्या पडद्यावर ताणलं की नायिकेचे गाल पसरतात आणि अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी दिसतात. त्यातून बॉक्स जुना असेल, त्याला एचडीएमआय नसेल आणि पिवळी-तांबडी-पांढरी अशा तीन शेपट्यांनी जोडायचा असेल, तर चित्र आणखी खालावतं. काही नव्या संचांना त्या तीन शेपट्यांची भोकंही उरलेली नाहीत, किंवा वेगळा जोड घ्यावा लागतो. तेव्हा निघण्यापूर्वी बॉक्सच्या पाठीमागं डोकावून घ्यावं. तिथली जळमटंही त्या निमित्तानं निघतात.

चित्रापेक्षा खरी अडचण आवाजाची. वयाबरोबर कान आधी बारीक, उंच पट्टीचे ध्वनी सोडतात. 'स', 'श', 'फ', 'त' असली अक्षरं त्याच पट्टीत असतात. त्यामुळं आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही, आणि माणूस म्हणतो, "हल्ली नीट बोलतच नाहीत कुणी." मालिकेत तर प्रत्येक वाक्यामागं ढोल, वीज आणि आलाप. जुन्या डब्या टीव्हीचा स्पीकर तोंडासमोर असायचा. आताच्या पातळ संचाला स्पीकर ठेवायला जागाच नाही, म्हणून तो खाली नाहीतर मागं तोंड करून बसवतात. म्हणजे संवाद ऐकणार भिंत, आणि आई आवाज चाळीसवर नेणार. पुष्कळ संचांत बोलणं उठावदार करायची एक सोय असते, 'क्लिअर व्हॉइस' किंवा अशाच काही नावाची. दुकानात समुद्र बंद करायला लावून बातम्या लावाव्यात आणि ती सोय चालू-बंद करून ऐकावं. ऐकावं म्हणजे आपण नव्हे, आईनं. वेगळा साउंडबार घेतला तर आवाज फार सुधारतो, पण त्याच्याबरोबर तिसरा रिमोट घरात येतो, एवढं ध्यानात ठेवून काय ते ठरवावं.

मग भिंतीवरचं बटण. रात्री झोपताना आई टीव्ही आणि बॉक्स दोन्ही मुख्य बटणावरून बंद करते. वीज वाचते, शिवाय वळवाच्या पावसात विजांचं भय. मुलं सांगून थकली, की रिमोटनं बंद केलेला टीव्ही अर्धा वॅट खातो, वर्षभराचे साडेचार युनिटही होत नाहीत. हिशेब बरोबर आहे, पण सेट टॉप बॉक्स टीव्हीइतका मितभाषी नसतो, तो झोपेतही बऱ्यापैकी खातो, आणि विजांच्या बाबतीत तर आईचंच खरं. तेव्हा सवय बदलायचा नाद सोडून, बटण बंद-चालू झाल्यावर कुठं उगवायचं हे ज्याला समजतं असा संच घ्यावा. कारण काही संच भिंतीवरून बंद करून चालू केले की सरळ सिनेमांच्या दुकानात उगवतात. त्यातही सुरू व्हायला वेळ लावतात. पडदा काळाच बघून आई पुन्हा बटण दाबते, आणि उठू लागलेला टीव्ही आज्ञाधारकपणे परत झोपतो.

यावर उपाय आहेत, फक्त ते सेटिंगच्या सातव्या तळघरात पुरलेले असतात. सॅमसंगच्या बऱ्याच संचांत 'ऑटोरन स्मार्ट हब' आणि एलजीच्या बऱ्याच संचांत 'होम ऑटो लाँच' अशा नावाची कळ असते. ती बंद केली की टीव्ही शेवटी जिथं होता तिथंच, म्हणजे केबलवरच, परत येतो. गूगल टीव्हीवर चालणाऱ्या संचांत पहिल्या मांडणीच्या वेळी 'बेसिक टीव्ही' असा पर्याय मिळतो: ॲप नकोत, इंटरनेट नको, फक्त चॅनेलं आणि जोडलेल्या वस्तू. कंपनीनं एवढी वर्षं खपून टीव्हीला जे जे शिकवलं ते सगळं एका खुणेत विसरायला लावायचं आणि पैसे मात्र पूर्ण मोजायचे, याला इलाज नाही. बिनॲपचे संच अजून मिळतात, बत्तीस इंचांपर्यंत तरी, पण दुकानात ते मागच्या फळीवर असतात आणि मागितल्यावर विक्रेता आपल्याकडं जरा कणवेनं बघतो.

सगळ्यांत कामाची गोष्ट मला त्या दुकानात कुणी सांगितली नाही, केबलवाल्यानं सांगितली. केबलच्या बहुतेक रिमोटवर एका कोपऱ्यात चौकट आखलेली असते आणि तिच्यात 'टीव्ही' असं लिहिलेली चार-पाच बटणं असतात: चालू-बंद, आवाज कमी-जास्त, आणि बहुधा एव्ही. ही बटणं कोरी पाटी असतात, त्यांना शिकवावं लागतं. सेटचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, शिकवायचं बटण दाबायचं, मग दोन्ही रिमोट डोक्याला डोकं लावून ठेवायचे आणि टीव्हीच्या रिमोटचं तेच बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की धडा झाला. रिमोटगणिक या कृतीत थोडा फरक पडतो, पण केबलवाल्याला ती येते. मात्र टीव्हीच्या रिमोटमधून अदृश्य प्रकाश यायला हवा. नुसत्या ब्लूटूथवर बोलणाऱ्या रिमोटकडून केबलचा रिमोट काही शिकू शकत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. पडद्यावर जांभळट ठिणगी दिसली की झालं काम.

आईकडं आता एकच रिमोट आहे, तोच जुना, रबरबँडवाला. टीव्हीचा मूळ रिमोट साड्यांच्या कपाटात ठेवला आहे आणि तिथंच तो सुखी आहे. चालू केलं की टीव्ही केबलवर उगवतो. अंगठा पाचाच्या ठिपक्यावर जातो. घरात इंटरनेट आहे, पण टीव्हीला त्याचा पत्ता सांगितलेला नाही. कीर्तन ती मोबाइलवरच बघते. मुंबईची माझी बहीण म्हणाली, "मग स्मार्ट टीव्ही घेतलाच कशाला?" आईनं परस्पर उत्तर दिलं, "साधा मागच्या फळीवर होता, त्याच्यावर धूळ होती."

तेव्हा आईवडलांसाठी टीव्ही घ्यायला निघालात तर नेटवरच्या याद्या वाचत बसू नका. घरचा सेट टॉप बॉक्स, त्याची वायर आणि त्याचा रिमोट पिशवीत घालून दुकानात न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. बॉक्स जोडायला लावा, पडद्यावर चित्र आलं नाही तरी चालेल, बॉक्सवाल्या कंपनीचं नाव उमटलं तरी पुरे. मग संच भिंतीच्या बटणावरून बंद करून परत चालू करायला सांगा आणि तो कुठं उगवतो ते बघा. सिनेमांच्या दुकानात उगवला आणि विक्रेत्याला ते बदलता आलं नाही, तर दुसरा संच बघा. रिमोटवर मोबाइलचा कॅमेरा धरा. आणि आईनं चालवून बघेपर्यंत पैसे देऊ नका.

केबलवाल्याचा हप्ता मात्र वेळेवर देत जा.